सी ड्राइव्हवरून टपालाचं बिऱ्हाड हलवलं, त्याची गोष्ट

गेल्या पावसाळ्यात माझ्या कॉम्प्युटरचा सी ड्राइव्ह लाल झाला. ‘धिस पीसी’ उघडलं की ड्राइव्हच्या नावाखाली एक निळी पट्टी दिसते, ती काठोकाठ भरत आली की तांबडी होते. माझी एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, १२० जीबीची. विंडोज ती १११ जीबी दाखवतं, आणि त्यातले शिल्लक होते अडीच जीबी. अपडेट अर्ध्यावर येऊन माघारी फिरायला लागले. एका रात्री वर्डने फाइल सेव्ह करायला नकार दिला, तेव्हा मात्र मी हलले.

मी भाषांतराचं काम करते. सांगलीत, घरूनच. पंपाच्या माहितीपुस्तिका, विम्याची पत्रकं, संस्थांचे वार्षिक अहवाल, अधूनमधून मुद्रितशोधन. सगळं काम ईमेलवर येतं आणि ईमेलवर जातं, त्यामुळे माझं दुकान म्हणजे दोनच गोष्टी: शब्द शोधायला फायरफॉक्स हा ब्राउझर आणि टपालाला, म्हणजे ईमेलला, थंडरबर्ड. दोन्ही मी पंधरा वर्षांहून जास्त वापरतेय आणि एवढ्या वर्षांत त्यांनी जागा किती अडवली, हे एकदाही पाहिलं नव्हतं.

आधी सगळे करतात तेच केलं. रिसायकल बिन रिकामा, डाउनलोड्स साफ, डिस्क क्लीनअप. चार जीबी मिळाले, पंधरा दिवसांत परत गेले. मग एका रविवारी ठाण मांडून बसले आणि कुठला फोल्डर किती खातोय ते पाहत गेले. विंडोज आपल्या नावाच्या फोल्डरात ‘अ‍ॅपडेटा’ नावाचा एक फोल्डर लपवून ठेवतं. व्ह्यूमध्ये जाऊन ‘हिडन आयटम्स’वर टिचकी मारली की तो फिकट रंगात दिसतो. त्याच्या आत ‘रोमिंग’, आणि त्याच्या आत थंडरबर्ड. उजवं बटण दाबून प्रॉपर्टीज बघितल्या तर आकडा वाढतच चालला. सतरा जीबींवर एकदाचा थांबला.

एवढं कसं साठलं, त्याला इतिहास आहे. २००८ साली घरी बीएसएनएलचं ब्रॉडबँड घेतलं तेव्हा रात्री दोन ते सकाळी आठ नेट फुकट असायचं. पहाटे उठायचं, थंडरबर्डला सगळं टपाल खाली ओढायला लावायचं आणि मग दिवसभर नेट बंद ठेवून वाचत बसायचं. त्या पद्धतीला पॉप म्हणतात: टपाल सर्व्हरवरून आपल्या डिस्कवर उतरतं आणि सांगितलं तर सर्व्हरवरून पुसलंही जातं. तेव्हा मेलबॉक्स चिमुकले असायचे, म्हणून मी पुसायलाच सांगितलं होतं. रात्रीचं फुकट नेट गेलं, सवय राहिली. म्हणजे ते सतरा जीबी जगात दुसरीकडे कुठेही नव्हते. बॅकअप होता, पण सव्वा वर्षापूर्वीचा.

पुण्याला शिकणाऱ्या भाच्याला फोन केला.

“मावशी, आयमॅप कर ना! सगळं सर्व्हरवरच राहील. कशाला ही मोळी डोक्यावर घेऊन फिरतेस?”

“अरे, तुझा सर्व्हर फुकटात पंधरा जीबी देतो. माझी मोळी सतरा जीबीची आहे.”

“मग निम्मं डिलीट कर.”

हा मुलगा कधी भाषांतरकार होणार नाही. पाच वर्षांपूर्वी एखाद्या पुस्तिकेत ‘व्हॉल्व्ह’ला काय लिहिलं होतं, हे विचारणारा ग्राहक कधी उगवेल याचा नेम नसतो.

दुकानदाराचा सल्ला वेगळा होता: मोठी एसएसडी घ्या, आहे ते सगळं जसंच्या तसं तिच्यावर उतरवून देतो. सल्ला वाईट नव्हता. पण माझ्या कॅबिनेटमध्ये एक टीबीची साधी, आत तबकडी फिरणारी हार्ड डिस्क आधीपासूनच होती, डी ड्राइव्ह म्हणून, जवळजवळ रिकामी. विंडोज तिला ९३१ जीबी म्हणतं, कारण कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने. ती नुसती पडून असताना नवा खर्च कशाला? फायरफॉक्स आणि थंडरबर्डचं बिऱ्हाड तिकडे हलवायचं ठरवलं.

बिऱ्हाड म्हणजे प्रोफाइल. फायरफॉक्स हा प्रोग्राम प्रोग्राम फाइल्समध्ये असतो, तो हलवायची गरज नाही, जागाही फारशी घेत नाही. आपलं जे काही असतं, म्हणजे बुकमार्क, पासवर्ड, इतिहास, अ‍ॅड-ऑन, उघडे टॅब, ते सगळं एका वेगळ्या फोल्डरात असतं. त्याचं नाव आठ अगम्य अक्षरं, मग टिंब, मग डिफॉल्ट-रिलीज असं काहीतरी. ती आठ अक्षरं मुद्दाम वाटेल तशी दिलेली असतात, बाहेरच्या कुणाला फोल्डरचा पत्ता अंदाजाने सांगता येऊ नये म्हणून. मी मात्र कित्येक वर्षं तो व्हायरस समजत होते.

आधी थंडरबर्ड आवरायला घेतला. जुन्या घरातली रद्दी नव्या घरी कशाला न्यायची? थंडरबर्ड एका फोल्डरातलं सगळं टपाल एकाच लांबलचक फाइलीत एकाखाली एक लिहीत जातो. आपण एखादं पत्र डिलीट करतो तेव्हा ते त्या फाइलीतून जात नाही, त्याच्यावर फक्त काट मारली जाते. खतावणीत खोडलेली ओळ पानावर राहतेच, तसं. ती खरोखर काढायची तर फाइल मेनूतलं ‘कॉम्पॅक्ट फोल्डर्स’ चालवावं लागतं. मी ते वर्षानुवर्षं ‘नंतर’ म्हणून टाळलं होतं. चालवलं. वीस मिनिटं घरघर झाली आणि सतराचे तेरा झाले. चार जीबी नुसती काट मारलेली पत्रं! खरं तर इथेच थांबले असते तरी तूर्तास भागलं असतं.

मग बॅकअप. घरात बत्तीस जीबीचा पेन ड्राइव्ह होता, त्यावर थंडरबर्डचा फोल्डर टाकायला घेतला. बारक्या फाइल्स भराभर गेल्या आणि इनबॉक्सशी येऊन गाडी अडली: फाइल फार मोठी आहे. पेन ड्राइव्हवर तेरा जीबी मावायला पुष्कळ जागा होती. पण तो फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला, आणि त्या पद्धतीत एक फाइल चार जीबींहून मोठी चालतच नाही. माझा इनबॉक्स एकटाच सव्वापाच जीबींचा. पेन ड्राइव्ह एनटीएफएस या दुसऱ्या पद्धतीने फॉरमॅट केला, तेव्हा मावला. यात गंमत अशी की सव्वा वर्षापूर्वीचा बॅकअपही याच पेन ड्राइव्हवर घेतला होता, आणि त्या वेळी ‘स्किप’ दाबून मी मोकळी झाले होते. म्हणजे फॉरमॅट करून मी जो बॅकअप पुसला त्यात इनबॉक्स नव्हताच. सव्वा वर्ष मी ज्याच्या भरवशावर निवांत झोपत होते, तो असला.

सांगलीत २०१९ चा पूर पाहिलेल्या माणसाला हे शोभत नाही. त्या ऑगस्टमध्ये आम्ही कॅबिनेट उचलून वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे नेलं होतं, गाद्यांच्याही आधी.

हात बसावा म्हणून फायरफॉक्स आधी घेतला. मदत मेनूतल्या ट्रबलशूटिंगच्या पानावर ‘प्रोफाइल फोल्डर’ अशी एक ओळ असते, तिच्यासमोरचं ‘ओपन फोल्डर’ दाबलं की नेमका आपला फोल्डर उघडतो. मग फायरफॉक्स बंद करायचा, आणि खरंच बंद झाला का ते टास्क मॅनेजरमध्ये पाहायचं, कारण खिडकी मिटली तरी तो मागे काही सेकंद कामात असतो. चालू असताना कॉपी केली तर फाइल अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत उचलली जाऊ शकते.

कॉपी होत असताना आतल्या फाइल्स वाचत बसले. प्लेसेस डॉट एसक्यूलाइटमध्ये बुकमार्क आणि इतिहास. लॉगिन्स डॉट जेसनमध्ये पासवर्ड कुलूपबंद, आणि त्या कुलपाची किल्ली शेजारीच, की-फोर डॉट डीबीमध्ये. या दोन फाइल्स बरोबर नेल्या की पासवर्ड कुठल्याही मशीनवर येतात. क्रोमचं तसं नाही, विंडोजवर तो आपले पासवर्ड विंडोजच्या लॉगिनला बांधून ठेवतो, नुसता फोल्डर दुसऱ्या मशीनवर नेऊन ते उघडत नाहीत. फायरफॉक्सची सोय मला आवडली आणि दुसऱ्याच क्षणी वाटलं, हा फोल्डर उद्या पेन ड्राइव्हवर घेतला तर? तो कुणी उचलला तर कुलूप आणि किल्ली दोन्ही त्याच्या हातात. त्याच संध्याकाळी ‘प्रायमरी पासवर्ड’ लावला. आता फायरफॉक्स उघडल्यावर पहिल्यांदा पासवर्ड लागेल तेव्हा तो विचारतो. वैताग येतो, पण असू दे.

सगळ्यात मजा आली ती पर्सडिक्ट नावाच्या फाइलीची. टाइप करताना शब्दाखाली लाल नागमोडी रेघ आली की आपण ‘डिक्शनरीत घाला’ म्हणतो ना, ते शब्द इथे जमा होतात, ओळीला एक, साध्या नोटपॅडमध्ये वाचता येतील असे. माझी सगळी कारकीर्द तिथे होती: पाणंद, ठिबक, उपसाबंदी, पाणीपट्टी, दस्तऐवजीकरण. आणि मधेच ‘परिक्षण’. वेलांटी ऱ्हस्व! मुद्रितशोधनाचे पैसे घेणाऱ्या बाईने कधीतरी घाईत चुकीचा शब्द बरोबर म्हणून शिकवून ठेवला होता, आणि तेव्हापासून फायरफॉक्स तो निमूटपणे पास करत आला होता. कितीदा पास केला असेल, याचा विचार न करता ती ओळ काढून टाकली.

कॉपी झाली. आता फायरफॉक्सला नवा पत्ता सांगायचा. विंडोजचं बटण आणि आर दाबून येणाऱ्या चौकटीत फायरफॉक्स डॉट ईएक्सई लिहायचं, एक जागा सोडून आडवी रेघ आणि मोठ्या लिपीतला पी. प्रोफाइल मॅनेजर उघडतो. ‘क्रिएट प्रोफाइल’, काहीतरी नाव, मग ‘चूज फोल्डर’ म्हणून डीवरचा फोल्डर दाखवायचा. तिथे आधीच भरलेलं प्रोफाइल असलं तर फायरफॉक्स तेच वापरायला घेतो, नवं करत नाही. उघडला. टॅब होते, पासवर्ड होते, ‘परिक्षण’खाली लाल रेघ होती.

याच मॅनेजरमधल्या एका बटणाला मात्र जपावं. प्रोफाइल काढून टाकताना ‘डिलीट फाइल्स’ म्हटलं तर तो दाखवलेला अख्खा फोल्डर रिकामा करतो, त्यात दुसरं काहीही असलं तरी. त्यामुळे प्रोफाइलसाठी डी ड्राइव्हच उघडा दाखवून मोकळं होऊ नये, किंवा आपली कागदपत्रं जिथे आहेत तो फोल्डरही दाखवू नये. मी ‘प्रोफाइल’ नावाचा नवा फोल्डर केला, त्यात दोघांना दोन खोल्या.

फायरफॉक्स तासाभरात आटोपला म्हणून थंडरबर्डलाही संध्याकाळच्या आत उरकू, असं वाटलं. त्याचा फोल्डर साध्या पद्धतीने ओढून डीवर टाकला. सात जीबी झाले आणि लाइट गेली. आमच्याकडे पावसाळ्यात हे नवीन नाही, आणि यूपीएसची बॅटरी बदलायची हेही ‘नंतर’च्या यादीत होतंच.

लाइट आल्यावर अर्धवट कॉपी पुसली आणि या वेळी रोबोकॉपी वापरलं. विंडोजमध्येच असतं ते, काळ्या चौकटीत आज्ञा लिहून चालवायचं. मधे थांबलं तरी पुन्हा चालवल्यावर राहिलेल्या फाइल्सच घेतं. वर कुठल्या फाइल्स वगळायच्या तेही सांगता येतं, आणि इथेच मी शहाणपणा केला. थंडरबर्डच्या प्रत्येक टपालफाइलीशेजारी त्याच नावाची एमएसएफ फाइल असते. ती अनुक्रमणिका: कुठलं पत्र कुठे सुरू होतं वगैरे. नसली तर थंडरबर्ड टपालफाइल वाचून ती नव्याने तयार करतो. तसंच शोधासाठीचं एक मोठं कोठार असतं, माझं सव्वा जीबीचं, तेही नव्याने बनतं. म्हटलं, नव्याने बनणारच आहे तर ओझं कशाला? दोन्ही वगळली. पुन्हा लाइट जायच्या आत आटपायचं होतं.

कॉपी झाली. प्रोफाइल मॅनेजर आता जुनी गोष्ट वाटायला लागली होती, म्हणून पत्ता थेट फाइलीत बदलायचा ठरवला. रोमिंगमधल्या थंडरबर्डच्या फोल्डरात प्रोफाइल्स डॉट आयएनआय नावाची छोटी फाइल असते, प्रोफाइल कुठे आहे ते तिथे लिहिलेलं. ‘पाथ’समोर डीचा पत्ता लिहिला. ‘इझरिलेटिव्ह’ एक होतं ते शून्य केलं, म्हणजे पत्ता आता संपूर्ण आहे, या फोल्डरापासून मोजायचा नाही. सेव्ह करून थंडरबर्ड उघडला.

समोर ‘नवीन खातं जोडा’ची स्वच्छ पांढरी खिडकी. जणू मी आजच ईमेल शिकले होते.

सगळं टपाल दोन ठिकाणी जसंच्या तसं आहे, हे मला पक्कं माहीत होतं. तरी तोंड कोरडं पडलं. चहा ठेवला, परत आले आणि ती आयएनआय फाइल पुन्हा वाचली. वरच्या बाजूला एक उतारा होता, ‘इन्स्टॉल’ आणि पुढे आकड्या-अक्षरांची माळ अशा नावाचा, आणि त्यात ‘डिफॉल्ट’समोर डीचा पत्ता नव्हताच. २०१९ पासून आधी फायरफॉक्स आणि मग थंडरबर्ड प्रत्येक इन्स्टॉलेशनला स्वतःचं प्रोफाइल देऊ लागले, आणि त्याची नोंद या उताऱ्यात असते. मी खालचा पत्ता बदलला, वरचा विसरले. वरच्या पत्त्यावर यादीतलं कुठलंच प्रोफाइल सापडेना म्हणून थंडरबर्डने नवं कोरं करून घेतलं होतं. पोस्टात पत्ता बदलल्याचा अर्ज द्यावा आणि बँकेत जुनाच राहावा, तसा प्रकार. वरही डीचा पत्ता लिहिला आणि टपाल आलं. म्हणजे इनबॉक्स आला, सेंट आलं. खात्याच्या सेटिंगमध्ये ‘लोकल डिरेक्टरी’समोर पत्ताही डीचा दिसत होता. डाव्या बाजूला खाली गेले आणि हात थांबला.

मी टपालाचे फोल्डर मराठी नावांनी ठेवते. जुने, म्हणजे अगदी २००९-१० सालचे. त्यातले तीन रोजच्या उपयोगाचे: ‘पैसे यायचे’, ‘पैसे आले’ आणि ‘पैसे बुडाले’. काम दिलं की पत्र पहिल्यात जातं, आणि तिथून नशिबाप्रमाणे पुढे. आता त्या जागी तीन ओळी होत्या, प्रत्येकी आठ अक्षरांच्या, आकडे आणि इंग्रजी लिपीतली ए ते एफमधली अक्षरं मिसळून. त्यांच्या खाली आणखी अठरा तशाच. ‘मुद्रितशोधन’ गेलं, ‘दिवाळी अंक’ गेला, ‘लाइट बिल, घरपट्टी’ गेलं. आत पत्रं होती. नावं नव्हती.

कारण समजायला रात्र गेली. त्या काळचा थंडरबर्ड फोल्डरच्या नावानेच डिस्कवर फाइल करायचा, पण इंग्रजी विंडोजच्या जुन्या अक्षरसंचात देवनागरी बसायची नाही. मग तो नावाचं गणित करून आठ अक्षरांचा एक सांकेतिक आकडा काढायचा आणि फाइलीला तो द्यायचा. खरं मराठी नाव लिहून ठेवायचा ते एमएसएफ फाइलीत. ‘नव्याने बनतेच की’ म्हणून मी मागे टाकलेल्या त्याच फाइलीत. थंडरबर्डने ती नव्याने बनवली खरी, पण माझ्या मनात काय नाव होतं ते त्याला कुठून कळणार? अनुक्रमणिका पुस्तकावरून पुन्हा करता येते, पण पुस्तकाचं नाव त्या अनुक्रमणिकेच्या पानावरच लिहिलेलं असलं तर काय करायचं?

हे उमगायच्या आधी मी एक वेडेपणा केला होता, तोही सांगते. त्या टपालफाइली साध्या मजकुराच्या असतात, म्हणून नोटपॅडमध्ये उघडून कुठली कुठली ते ओळखायचा प्रयत्न केला. पत्रातलं मराठी मात्र तिथे मराठी दिसत नाही. ईमेलमधून जाताना बऱ्याचदा देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन तुकड्यांत मोडतं आणि प्रत्येक तुकडा ‘=’ या बरोबरच्या चिन्हासकट तीन खुणांनी लिहिला जातो. एकटा ‘म’ म्हणजे बरोबर ई शून्य, बरोबर ए चार, बरोबर ए ई, अशा नऊ खुणा. ‘मावशी’ म्हणजे पंचेचाळीस. अर्धा तास त्या जंगलात फिरल्यावर ‘ई शून्य, ए चार’ दिसलं की इथे मराठी आहे, एवढं ओळखू यायला लागलं. बुडाले की आले, ते मात्र कळेना.

सुदैवाने जुनं घर अजून पाडलं नव्हतं. सीवरचा फोल्डर जागच्या जागी होता. थंडरबर्ड बंद केला, डीवरच्या नव्या एमएसएफ फाइल्स काढून टाकल्या आणि जुन्या सगळ्या सीवरून आणून ठेवल्या. उघडला तर ‘पैसे यायचे’ परत आलं. वर ‘पैसे बुडाले’सुद्धा. त्याचा इतका आनंद मला आधी कधी झाला नव्हता.

तरी सीवरचं काही लगेच पुसलं नाही. दोन्ही जुन्या फोल्डरांच्या नावापुढे ‘जुने’ लावलं. पुसण्याच्या आधी नाव बदलून पाहणं ही मला या सगळ्यातली सर्वात कामाची युक्ती वाटते: कुठला प्रोग्राम चोरून जुन्या पत्त्यावर जात असेल तर लगेच ठेच लागून ओरडतो, आणि आपलं काही गेलेलं नसतं. कुणी ओरडलं नाही.

आठवडाभराने फायरफॉक्सबद्दल माझं मत बदललं. एसएसडीवर तो चार सेकंदांत उघडायचा, आता पंधरा. पत्त्याच्या जागी दोन अक्षरं लिहिली की डिस्क किरकिरायची आणि मग सूचना यायच्या, कारण इतिहासाची फाइल तो सतत चाळत असतो. शिवाय प्रोफाइल नेहमीच्या जागेबाहेर नेलं की फायरफॉक्स आपला कॅशही त्याच फोल्डरात आणतो, म्हणजे पानांच्या साठवलेल्या तुकड्यांची ये-जासुद्धा फिरत्या डिस्कवर. सीवर त्याने अडवलेले तीनच जीबी, त्यातला जीबीभर कॅश, जो कधीही पुसावा. एवढ्यासाठी रोज खोळंबायचं? त्याला परत सीवर आणलं, त्याच रस्त्याने उलटं. टपालाचं तसं नाही. ते सकाळी एकदा उघडायचं, दिवसभर उघडं ठेवायचं. ते डीवर सुखात आहे.

फायरफॉक्स परत आणल्याचा फायदा दिवाळीच्या आसपास कळला. मशीन साफ करायला दुकानात दिली होती, पंख्यात पाव किलो धूळ होती म्हणे. घरी आणून चालू केली तर थंडरबर्ड म्हणे तुमचं प्रोफाइल लोड होत नाही, ते हरवलंय किंवा पोहोचता येत नाहीये. ‘धिस पीसी’त डी ड्राइव्हच नव्हता. फायरफॉक्स चालू होता म्हणून निदान शोधता तरी आलं. कॅबिनेटचं झाकण काढलं, हार्ड डिस्कची डेटाची वायर नुसती टेकवून ठेवलेली होती. दाबून बसवली. दुकानात फोन केला तर “मॅडम, आमच्याकडून असं होत नाही.”

मग ‘जुने’ नावाचे फोल्डर पुसले. त्याच्या आधी एनटीएफएसवाल्या पेन ड्राइव्हवर ताजी कॉपी घेतली, इनबॉक्सचा आकार दोन्हीकडे ताडून पाहिला, आणि तो पेन ड्राइव्ह भाच्याच्या हाती पुण्याला पाठवला. आता मोळी त्याच्याही डोक्यावर. सीची पट्टी निळी झाली, अठरा जीबी मोकळे दाखवायला लागली.

‘पैसे यायचे’ परत आल्यावर ते खरंच नीट आलंय ना, म्हणून तळापर्यंत चाळलं होतं. सगळ्यात खाली २०१४ चं एक पत्र होतं, बत्तीस पानांच्या पुस्तिकेचं बिल, मी साफ विसरलेलं. नम्र भाषेत आठवण करून देणारं पत्र टाकलं. दोन मिनिटांत ते परत आलं: असा पत्ता अस्तित्वात नाही. उचललं आणि ‘पैसे बुडाले’मध्ये टाकलं.